सीए आहेत, मग वकील कशाला?

वाचकाचे पत्र

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक असून माझे वय 67 आहे. वडील 2009 मध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर मी, धाकटा भाऊ आणि दोन बहिणी अशी आम्हा चौघांची वारस म्हणून नोंद झाली. डिसेंबर 2020 मध्ये मुद्रांक शुल्कात सवलत होती, तेव्हा आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरची ही जमीन आम्ही 96 लाख रुपयांना विकली. रस्त्याने मोजले तर ती हद्दीपासून तीन किलोमीटरवर आहे. खरेदीखतावर चौघांच्या सह्या आहेत. बहिणींकडे त्या वेळी पॅन नव्हते आणि मी थोरला, म्हणून सगळी रक्कम माझ्या खात्यात आली. भावाचा वाटा मी आरटीजीएसने दिला आणि बहिणींचा वाटा बँकेतून काढून रोखीने दिला. शेतजमिनीला कर नसतो असे सर्वांनीच सांगितल्यामुळे पेन्शनच्या रिटर्नमध्ये हा व्यवहार दाखवला नाही. आता प्राप्तिकर विभागाकडून कलम 148ए ची नोटीस आली आहे. निर्धारण वर्ष 2021-22 मध्ये 96 लाखांचे उत्पन्न करातून सुटले असे तीत म्हटले असून 15 दिवसांत उत्तर मागितले आहे. आमचे वीस वर्षांपासूनचे सीए म्हणतात, ‘उत्तर मी टाकतो, काळजी नको.’ मेव्हणा तालुका न्यायालयात वकील आहे. तो म्हणतो की अशा कामाला कायद्याने वकीलच लागतो. मुलगा म्हणतो की वकिलाची फी करापेक्षा जास्त होईल. कोणाचे ऐकावे? (मागच्या वर्षी पोर्टलवर या व्यवहाराबद्दल काही विचारणा आली होती. तेव्हा सायबर कॅफेतल्या मुलाने ‘ही माहिती माझी नाही’ अशा अर्थाची खूण करून दिली होती.)

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण अगदी शेवटी, आणि तेही कंसात लिहिले आहे. ते वाक्य नसते, तर मी आपल्याला आधी अंतराचा दाखला काढायला सांगून पुढचे सीएंवर सोपवले असते. त्या वाक्यामुळे माझा सल्ला असा आहे की आपण करविषयक काम करणारा वकील करावा, सीएंनाही सोबत ठेवावे, आणि हे दोन्ही नोटिशीचे उत्तर पोर्टलवर जाण्यापूर्वी करावे. मी स्वतः वकील असल्यामुळे ‘वकील करा’ हे माझ्या तोंडून फार सहज निघते, असे आपल्याला वाटू शकेल. ती शंका रास्त आहे, म्हणून कारणे जरा सविस्तर देतो.

आधी मेव्हण्यांचे म्हणणे पाहू. कायद्याने वकील लागतोच, हे बरोबर नाही. प्राप्तिकर अधिनियम 1961 च्या कलम 288 नुसार करदात्याच्या वतीने सनदी लेखापाल उभा राहू शकतो, वकील उभा राहू शकतो, आणि नातेवाईकसुद्धा उभा राहू शकतो. करनिर्धारण अधिकाऱ्यासमोर, आयुक्तांपुढील पहिल्या अपिलात आणि प्राप्तिकर अपीलीय न्यायाधिकरणात सीए पूर्ण अधिकाराने युक्तिवाद करतात. पुण्याच्या खंडपीठापुढे रोजच्या कामकाजात किती सीए उभे असतात ते पाहिले, तर मेव्हण्यांचेही मत बदलेल. करदात्याच्या वतीने फक्त वकीलच उभा राहू शकतो असे ठिकाण उच्च न्यायालयापासून सुरू होते.

शिवाय विभागाकडून येणारा प्रत्येक कागद वकिलाकडे नेण्यासारखा नसतो. कलम 143(1) खालची सूचना, टीडीएस जुळत नसल्याचा संदेश, विवरणपत्रात त्रुटी असल्याचे कलम 139(9) चे पत्र किंवा अडकलेला परतावा ही कामे आकड्यांची आणि फॉर्मची आहेत. ती सीएंनीच करावीत, कारण ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली जमतात. एवढेच नव्हे, तर साधी छाननीची नोटीस आली आणि खर्चाच्या पावत्या किंवा व्याजाचे दाखले मागितले, तरीही वकिलाची गरज सहसा नसते. बारा हजारांच्या मागणीची सूचना घेऊन माझ्याकडे आलेल्या अनेकांना मी चहा पाजून परत पाठवले आहे.

प्रश्न रकमेचा राहत नाही आणि कायद्याचा होतो, तेव्हा वकील लागतो. आपल्या बाबतीत तो कसा झाला आहे, हे आकड्यांतूनच दिसेल. जमीन कायद्याच्या व्याख्येत ग्रामीण शेतजमीन ठरली, तर ती भांडवली मालमत्ताच नाही आणि कर शून्य. ती तशी ठरली नाही, पण आपला वाटा फक्त एक चतुर्थांश आहे हे मान्य झाले, तर भांडवली नफा मोजायचा तो 24 लाखांवर. समजा 1 एप्रिल 2001 रोजी संपूर्ण जमिनीची किंमत 8 लाख होती. मग आपल्या वाट्याची 2 लाखांची किंमत त्या वर्षाच्या 301 या महागाई निर्देशांकाने 6.02 लाख होते, नफा 17.98 लाख राहतो, आणि 20 टक्के दराने उपकरासह कर सुमारे 3.74 लाख रुपये होतो. आता तिसरी शक्यता पाहा. उत्तर गेले नाही, किंवा गेले पण त्यातून पैशांचा उगम पटला नाही, आणि अधिकाऱ्याने खात्यात आलेले सगळे 96 लाख कलम 69ए खाली अस्पष्टीकृत रक्कम धरले, तर त्या वर्षाला लागू असलेल्या कलम 115बीबीई प्रमाणे कर, 25 टक्के सरचार्ज आणि उपकर मिळून दर 78 टक्के होतो. म्हणजे 74.88 लाख रुपये, आणि त्यावर व्याज व दंड वेगळे. एकाच खरेदीखताची शून्य, पावणेचार लाख आणि पाऊण कोट अशी तीन उत्तरे निघत असतील, तर यापैकी कोणते उत्तर खरे हा हिशेबाचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्या चिरंजीवांनी फीची तुलना करताना यांपैकी कोणता आकडा समोर ठेवला होता, हे त्यांना एकदा विचारावे.

‘शेतजमिनीला कर नसतो’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यातच काय, महाराष्ट्रभर पारावर ऐकू येते आणि ते अर्धेच खरे आहे. कलम 2(14) प्रमाणे नगरपरिषदेच्या हद्दीतली जमीन शेतीची असली, तरी तिला ही सूट मिळत नाही. हद्दीबाहेरच्या जमिनीसाठी अंतर पाहावे लागते. त्या शहराची लोकसंख्या 10 हजारांच्या वर आणि 1 लाखापर्यंत असेल, तर हद्दीपासून 2 किलोमीटर, 1 लाखाच्या वर 10 लाखांपर्यंत असेल, तर 6 किलोमीटर, आणि त्याहून मोठ्या शहरासाठी 8 किलोमीटर. या पट्ट्यातली जमीन करपात्र, पट्ट्याबाहेरची करमुक्त. आपण अंतर रस्त्याने मोजले आहे, पण निर्धारण वर्ष 2014-15 पासून कायदा हवाई अंतर मोजतो. वळणावळणाच्या रस्त्याने तीन किलोमीटर भरणारी जमीन सरळ रेषेत 1.9 किलोमीटर भरू शकते किंवा 2.3 किलोमीटरही भरू शकते. या चारशे मीटरांवर आपले सगळे प्रकरण टांगलेले आहे. तेव्हा हद्दीपासूनच्या हवाई अंतराचा दाखला आणि नगरपरिषदेकडून जनगणनेप्रमाणे लोकसंख्येचा दाखला, हे दोन कागद मिळवायला आजच सुरुवात करावी. गुगलच्या नकाशावरचा फोटो सोबत जोडायला हरकत नाही, पण त्यावर विसंबून राहू नये. व्यवहारापूर्वीच्या वर्षांचा पीकपेरा दाखवणारे सातबारे काढावेत. खरेदीदाराने जमीन बिनशेती करून घेतली असेल, तर ती विक्रीनंतर केली की आधी, हेही पाहावे. त्याबरोबरच आपला 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा पोर्टलवरचा तक्ता, तपासावा. खरेदीदाराने कलम 194-आयए खाली 1 टक्का टीडीएस कापला असेल, तर त्याने ही जमीन ग्रामीण शेतजमीन मानली नव्हती असा अर्थ अधिकारी काढतील, आणि त्याला उत्तर तयार हवे.

दाखला 2 किलोमीटरच्या वरचा आला, तर वकिलाचे काम बरेच हलके होईल. तो खालचा आला, किंवा काठावरचा आला, तर पुढचे दोन प्रश्न उभे राहतात आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

पहिला प्रश्न मुदतीचा. 1 सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या बदलानुसार निर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षांपर्यंत कलम 148ए ची नोटीस काढता येते. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत ती काढायची असेल, तर अधिकाऱ्याकडच्या माहितीप्रमाणे सुटलेले करपात्र उत्पन्न 50 लाख किंवा त्याहून अधिक असावे किंवा तसे असण्याची शक्यता असावी लागते. आपले निर्धारण वर्ष 31 मार्च 2022 रोजी संपले. तीन वर्षे 31 मार्च 2025 रोजी पुरी झाली आणि पाच वर्षे 31 मार्च 2027 रोजी पुरी होतील. आपली नोटीस या दोन तारखांच्या मधली असणार असे मी धरून चालतो. ती तशी असेल, तर ती टिकते ती केवळ 96 लाखांच्या आकड्यावर. आपला वाटा 24 लाखांचा ठरला, तर आपल्यापुरती तीन वर्षांचीच मुदत लागू होते आणि ती संपलेली आहे. शिवाय कायद्यातले शब्द ‘करपात्र उत्पन्न’ असे आहेत. विक्रीची संपूर्ण किंमत म्हणजे उत्पन्न नव्हे, खर्च वजा जाऊन उरणारा नफा म्हणजे उत्पन्न, हा युक्तिवाद उच्च न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. (1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर अधिनियमामुळे यात फरक पडत नाही. जुन्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात.)

मुदतीचा मुद्दा ‘तांत्रिक’ म्हणून सोडून देण्याची सवय आपल्याकडे फार आहे. 2021 मध्ये पुनर्निर्धारणाची, म्हणजे जुने वर्ष पुन्हा उघडून कर ठरवण्याची, पद्धत बदलल्यानंतर जुन्या पद्धतीने निघालेल्या सुमारे 90 हजार नोटिसांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 4 मे 2022 रोजी आशिष अग्रवाल प्रकरणात त्याचा निकाल लागला. त्या सर्व वादात प्रश्न होता तो कोणती नोटीस कोणत्या दिवशी कोणत्या कलमाखाली काढता येते, एवढाच. ज्यांनी हा मुद्दा वेळेवर नोंदवला, त्यांना तो पुढे वापरता आला.

दुसरा प्रश्न जमीन कोणाची होती हा. आपण ‘वडिलांची जमीन’ असे लिहिले आहे, पण ती त्यांनी स्वतः घेतली होती की आजोबांकडून त्यांच्याकडे आली होती, हे पत्रात नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे मुलांना मिळणारा वाटा हा त्यांचा वैयक्तिक वाटा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात हे करकायद्याच्या संदर्भातच सांगितले आहे. तसे असेल, तर चौघे स्वतंत्र करदाते आणि प्रत्येकाचे 24 लाख. जमीन वडिलार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाची असेल आणि तिची वाटणी झालेली नसेल, तर उत्पन्न हिंदू अविभक्त कुटुंबाचे आहे आणि नोटीस चुकीच्या व्यक्तीला आली आहे, असे म्हणण्यास जागा होते. वरवर पाहता दोन्ही उत्तरे आपल्या बाजूची वाटतात. पण दुसरे उत्तर दिले, तर कुटुंबाच्या नावाने 96 लाखांची नवी नोटीस काढायला विभागाकडे 31 मार्च 2027 पर्यंत वेळ उरतो. आपणच दिलेल्या लेखी उत्तराच्या आधारे ती काढली जाईल आणि त्या वेळी तोंड बंद झालेले असेल. यांपैकी कोणती भूमिका घ्यायची ते फेरफार, वारसनोंद आणि जुने दस्त वाचून ठरवावे लागते, आणि एकदा घेतली की न्यायाधिकरणापर्यंत तीच सोबत येते. आपले सीए कितीही अनुभवी असले, तरी उत्तराधिकाराच्या कायद्यावर मत देणे हे त्यांचे रोजचे काम नाही. मेव्हण्यांचा उपयोग मात्र येथे होईल. जुने फेरफार मिळवणे आणि ते वाचणे यात तालुक्याच्या दिवाणी वकिलाचा हात धरणारा कोणी नसतो. परंतु प्राप्तिकराचे उत्तर त्यांनी लिहू नये.

आता त्या कंसातल्या वाक्याकडे येतो. पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, उपनिबंधक कार्यालयाकडून आलेला हा व्यवहार दिसत होता आणि आपल्या नावाने ‘माहिती माझी नाही’ असे कळवले गेले. खरेदीखतावर आपली सही आहे आणि पैसे आपल्या खात्यात आले आहेत. उद्या नोटिशीच्या उत्तरात आपण ‘होय, जमीन विकली’ असे लिहाल, तेव्हा आपली दोन परस्परविरोधी विधाने विभागाच्या संगणकात असतील. याचा पहिला परिणाम दंडावर होऊ शकतो. कलम 270ए खाली उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या 50 टक्के असतो, पण वस्तुस्थिती दडवून किंवा चुकीची सांगून कमी दाखवल्याचा दंड कराच्या 200 टक्के असतो. पहिल्या प्रकारात कर व व्याज भरून, अपील न करता, कलम 270एए खाली दंडातून सूट मागता येते. दुसऱ्या प्रकारात एवढ्यावर ती सूट मिळत नाही. दुसरा परिणाम त्याहून गंभीर आहे. जाणूनबुजून खोटे निवेदन करणे हा कलम 277 खाली फौजदारी गुन्हा आहे. सायबर कॅफेतल्या मुलाने केलेली खूण त्या कलमात बसते असे मला वाटत नाही, कारण आपला हेतू तसा दिसत नाही. तरीही हे विधान कसे, कधी आणि कोणत्या शब्दांत दुरुस्त करायचे, हे ठरवताना फौजदारी बाजू डोळ्यांसमोर असलेला माणूस शेजारी हवा.

येथे वकील आणि सीए यांच्यातला एक फरक फारसा कोणी सांगत नाही. व्यावसायिक सल्ल्यासाठी आपण वकिलाला जे सांगतो, ते आपल्या संमतीशिवाय उघड करायला भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 132 ने त्याला मनाई केली आहे. बेकायदा कृत्य पुढे नेण्यासाठी केलेले बोलणे याला अपवाद आहे, पण झालेली चूक सांगून सल्ला मागणे हा अपवाद नव्हे. सीए गोपनीयता पाळायला त्यांच्या व्यवसायाच्या नियमांनी बांधलेले असतात, मात्र कायद्याने माहिती मागितली, तर त्यांना असे संरक्षण नाही. कलम 131 खाली समन्स काढून अधिकारी त्यांना शपथेवर प्रश्न विचारू शकतात. म्हणून बहिणींना रोखीने नेमके किती आणि कोणत्या दिवशी दिले, त्या दिवशी कोण हजर होते, खरेदीखताबाहेर काही रक्कम आली होती का, कॅफेत त्या मुलाला आपण काय सांगितले होते, हे सगळे आधी वकिलासमोर सांगावे, आणि जसे घडले तसेच सांगावे. अशिलाने आपल्याच वकिलापासून लपवलेली गोष्ट पुढे दुसऱ्या बाजूच्या कागदातून बाहेर आली, असे माझ्या कामात इतक्यांदा झाले आहे की पहिल्या भेटीत मी आता कागद बाजूला ठेवून आधी नुसते ऐकतो.

‘आधी उत्तर जाऊ द्या, अंगाशी आले तर वकील करू’ असे आपले सीए कदाचित म्हणतील. त्यांचा हेतू आपला खर्च वाचवण्याचा असेल, पण या कलमाची रचना त्याला अनुकूल नाही. आपले उत्तर पाहून अधिकारी वरिष्ठांच्या मंजुरीने कलम 148ए(3) खाली आदेश काढतात, की पुनर्निर्धारण करायचे किंवा नाही. या आदेशावर अपील नाही. तो चूक वाटला, तर घटनेच्या अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग असतो, आणि तेथे आपल्या वतीने वकीलच उभा राहू शकतो. उच्च न्यायालय जमिनीचे अंतर मोजत बसत नाही. वस्तुस्थितीचा वाद असेल, तर ते आपल्याला निर्धारणाकडे परत पाठवते. नोटीस मुदतबाह्य आहे किंवा अधिकारच नव्हता, अशा मुद्द्यांवर ते ऐकते, आणि तो मुद्दा आपण अधिकाऱ्यासमोर मांडला होता का, हे पहिल्यांदा विचारते. म्हणजे आज पोर्टलवर जाणारे चार पानांचे उत्तर हाच उद्याच्या याचिकेचा पाया आहे. ते ‘शेतजमीन विकली, कर नाही, कृपया कार्यवाही थांबवावी’ अशा तीन ओळींत गेले, तर पुढे कितीही मोठा वकील उभा केला, तरी त्याला त्या तीन ओळींपासूनच सुरुवात करावी लागते.

निर्धारण झालेच, तर ते चेहराविरहित पद्धतीने होईल. समोर अधिकारी नसतो, जे अपलोड होते तेवढेच तो वाचतो, आणि प्रतिकूल मसुदा आल्यावर व्हिडिओद्वारे सुनावणी हवी असेल, तर ती आपण मागावी लागते. आदेशाविरुद्ध पहिले अपील 30 दिवसांत करायचे असते. त्याचे शुल्क निर्धारित उत्पन्न 2 लाखांच्या वर असेल, तर फक्त 1,000 रुपये आहे. अपील प्रलंबित असताना वादातल्या मागणीच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम भरल्यास उरलेल्या वसुलीला सामान्यतः स्थगिती मिळते. पण मघाच्या 74.88 लाखांचे 20 टक्के म्हणजे सुमारे 14.98 लाख होतात, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला ते सोपे नाहीत. त्याहून कमी रकमेवर स्थगिती मागता येते, तिचीही लढाई असते.

फीबद्दल संकोच न करता बोलावे. संपूर्ण प्रकरणाची एकच ठोक रक्कम ठरवण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने ठरवणे आपल्या हिताचे आहे. कागद वाचून सल्ला आणि आताचे उत्तर तयार करणे हा पहिला टप्पा, निर्धारण झाले तर तो दुसरा, अपील किंवा याचिका हा तिसरा. कदाचित पहिल्यावरच काम संपेल. प्रत्येक टप्प्यात काय येते आणि काय येत नाही, हे लेखी घ्यावे. ‘जितका कर वाचेल त्याचे इतके टक्के’ असे सांगणाऱ्याकडून उठून यावे, कारण निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला बंदी आहे आणि जो स्वतःचे नियम मोडतो, तो आपले प्रकरण जपून हाताळेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. ‘साहेब ओळखीचे आहेत, मिटवून टाकू’ असे म्हणणाऱ्याबद्दल तर वेगळे सांगायला नको.

वकील शोधण्याची एक रीत सांगतो. वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे इंटरनेटवर सर्वांत वर दिसणारे नाव म्हणजे चांगले नाव असे समजू नये. न्यायाधिकरणाचे आदेश त्याच्या संकेतस्थळावर उपलब्ध असतात आणि करदात्यातर्फे कोण हजर होते, ते पहिल्याच पानावर छापलेले असते. पुणे खंडपीठाच्या शेतजमीन आणि पुनर्निर्धारणाच्या आदेशांत वारंवार दिसणारी चार-पाच नावे आपल्या सीएंना दाखवून विचारावे. त्यांपैकी काही स्वतः सीए असतील आणि काही वकील. भेटीत त्यांना एकच प्रश्न विचारावा, ‘माझ्या बाजूतली सर्वांत कच्ची जागा कोणती?’ जो अर्ध्या तासात ती दाखवू शकत नाही, त्याने कागद वाचलेले नाहीत.

सीएंना हे सगळे कसे सांगावे, ही अडचण मी समजू शकतो. वीस वर्षांचा संबंध आहे. त्यांना वगळून दुसरीकडे जाऊ नये, पहिल्या भेटीला त्यांनाच सोबत न्यावे. 2001 ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून ठरवणे, नफ्याची पर्यायी गणना, बँकेच्या पासबुकातून भावाच्या आरटीजीएसचा आणि बहिणींसाठी काढलेल्या रकमेचा मेळ घालणे हे त्यांचेच काम आहे आणि त्याशिवाय वकिलाचा युक्तिवाद अधांतरी राहील. बहुतेक अनुभवी सीए अशा वेळी नाराज न होता सुटकेचा श्वास घेतात.

बहिणींविषयी एक गोष्ट, जी वकिलाकडे जाण्यापूर्वी घरात बोलायला हवी. 24 लाख प्रत्येकीला दिले, असे आपण सिद्ध करायला निघालात की त्यांची नावे विभागासमोर जातील. रोख रक्कम मिळाल्याची त्यांची प्रतिज्ञापत्रे लागतील आणि अधिकारी त्यांनाही प्रश्न विचारू शकतील. 24 लाखांच्या वाट्यावर त्यांच्याविरुद्ध नोटीस काढण्याची मुदत वरच्याच हिशेबाने संपलेली दिसते, पण हे त्यांना आपण सांगण्यापेक्षा वकिलाने सांगावे. भावाने आणि बहिणींनी त्याच वकिलाकडे जावे की स्वतंत्र सल्ला घ्यावा, हेही त्याच वेळी विचारावे. चौघांचे हित आज एक दिसते, पण एकत्र कुटुंबाचा मुद्दा निघाला, तर ते एक राहील असे नाही.

एवढ्या सगळ्याला 15 दिवस पुरणार नाहीत. म्हणून नोटिशीवरचा दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, पोर्टलवर तपासून ती खरी असल्याची खात्री करावी. नंतर अंतर व लोकसंख्येचे दाखले आणि जुने फेरफार सरकारी कार्यालयांतून मिळवायचे असल्याचे कारण देऊन मुदतवाढीची विनंती पोर्टलवरूनच टाकावी आणि तिची पोच जपून ठेवावी. मुदतवाढ मिळेलच असे नाही, त्यामुळे वकिलाची भेट मूळ मुदतीच्या आतलीच ठरवावी. मुदतवाढीच्या अर्जात व्यवहाराबद्दल, वाट्यांबद्दल किंवा त्या कॅफेतल्या खुणेबद्दल एक शब्दही लिहू नये. हा अर्ज टाकायला वकील लागत नाही, सीएंना आजच सांगावे.